हिमयुग, गोंडवन आणि आर्य : भूगर्भशास्त्र आणि वंशकल्पना यांच्या संबंधांची मराठी संदर्भात चिकित्सा

सारांश

एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्राने काळाची मोजणी बदलली. या नव्या काळाचा आधार घेऊन मानवी समूहांची 'प्राचीन' आणि 'अर्वाचीन', 'तळाचे' आणि 'वरचे' अशी मांडणी होऊ लागली. प्रस्तुत निबंधात या प्रक्रियेचा महाराष्ट्रातील दोन केंद्रांच्या आधारे विचार केला आहे. पहिले केंद्र नागपूर. तेथे स्टीफन हिस्लॉप यांनी जीवाश्म आणि गोंड समाज यांचा एकाच वेळी अभ्यास केला. दुसरे केंद्र पुणे. तेथे लोकमान्य टिळकांनी हिमयुगाच्या सिद्धांतावर आर्यांच्या मूलस्थानाची उपपत्ती उभारली. या उपपत्तीला मिळालेली उत्तरे, डॉ. आंबेडकर व इरावती कर्वे यांनी घेतलेल्या निराळ्या भूमिका आणि या प्रश्नाचे आजचे स्वरूप यांचीही चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : भूगर्भशास्त्र, वंश, हिमयुग, गोंडवन, आर्यसिद्धांत, स्तर

१. प्रस्तावना

विज्ञानाचा संस्कृतीवर होणारा परिणाम मांडताना मराठीत सामान्यतः डार्विनचा उत्क्रांतिवाद, वैद्यक किंवा यंत्रविद्या यांची चर्चा होते. भूगर्भशास्त्राचा विचार त्या मानाने कमी झालेला आहे. वास्तविक, पृथ्वीचे वय काही हजार वर्षांचे नसून त्याहून कितीतरी अधिक आहे, ही जाणीव सुशिक्षित समाजाला या शास्त्राने करून दिली. १८५१ साली 'जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया' या संस्थेची स्थापना झाली. तिचा तात्कालिक हेतू कोळशाचा व खनिजांचा शोध हा होता. परंतु जमिनीचे थर वाचण्याची जी दृष्टी या सर्वेक्षणातून रूढ झाली ती जमिनीपुरती मर्यादित राहिली नाही, माणसेही थरांप्रमाणे वाचली जाऊ लागली.

या विषयाकडे अलीकडे जगभर लक्ष वेधले गेले आहे. सुमती रामस्वामी यांनी २००४ साली लेमुरिया या कल्पित बुडालेल्या भूखंडाचा आणि तमिळ अस्मितेचा संबंध उलगडला. कॅथरीन युसॉफ यांनी २०१८ सालच्या ग्रंथात खाणकाम, गुलामगिरी व वंशभेद यांचा एकत्रित विचार मांडला. प्रतीक चक्रवर्ती यांनी २०२० साली भारतातील भूगर्भशास्त्र आणि प्राचीनत्वाची कल्पना यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. लेमुरियाची कथा दक्षिणेची आहे. महाराष्ट्रात याच प्रक्रियेने वेगळे रूप घेतले आणि त्या रूपाची चिकित्सा मराठीच्या अभ्यासकांनी करणे आवश्यक आहे.

२. थरांची भाषा : हिस्लॉप ते रिस्ली

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडमधील फ्री चर्चचे मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. धर्मप्रसार आणि शिक्षण हे त्यांचे नेमलेले काम होते. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही नागपुरात आहे. परंतु त्यांची ख्याती दोन निराळ्या क्षेत्रांत झाली. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूगर्भाचे संशोधन केले. मांगली येथून त्यांनी मिळविलेल्या उभयचर प्राण्याच्या कवटीच्या जीवाश्माचे वर्णन रिचर्ड ओवेन यांच्यासारख्या अग्रगण्य शास्त्रज्ञाने १८५५ साली केले. त्याच काळात हिस्लॉप गोंड समाजाची भाषा, देवदेवता व गीते यांची टिपणे करीत होते. १८६३ साली त्यांचा बुडून मृत्यू झाला. ही टिपणे १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून प्रसिद्ध केली.

एकाच व्यक्तीच्या हातून दगडातील जीव आणि डोंगरातील माणसे या दोहोंची नोंद व्हावी, हा योगायोग मानता येत नाही. दोन्ही कामांमागे एकच प्रेरणा होती : जे सर्वांत खालचे, सर्वांत जुने आणि नष्ट होण्याच्या मार्गावर आहे, त्याचे अवशेष जमविणे. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील भूवैज्ञानिक सर्वांत जुन्या खडकांना 'प्रिमिटिव्ह' म्हणत. पुढे हाच शब्द जिवंत माणसांना लावला गेला. खडकाच्या बाबतीत तो शब्द केवळ क्रम सांगतो, समाजाच्या बाबतीत तो दर्जा सांगू लागतो. क्रमाचे दर्जात झालेले हे रूपांतर या संपूर्ण चर्चेच्या मुळाशी आहे.

याचा सर्वांत स्पष्ट आविष्कार हर्बर्ट रिस्ली यांच्या लेखनात सापडतो. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त असलेल्या रिस्ली यांनी नाकाच्या मापांवरून भारतीयांचे वांशिक प्रकार ठरविले. द्राविड प्रकार हा सर्वांत आदिम होय, असे सांगताना या लोकांचे निवासस्थान असलेला द्वीपकल्पाचा प्रदेश भूगर्भदृष्ट्या सर्वांत प्राचीन आहे, असा दाखला त्यांनी जोडला. जुना खडक, म्हणून जुने लोक. या दोन विधानांमध्ये कार्यकारणाचा कोणताही दुवा नाही. खडकांचे वय कोटी वर्षांत मोजावे लागते, तर आधुनिक मानवाचे अस्तित्व सुमारे तीन लाख वर्षांचे आहे. तरीही या सान्निध्याने वाचकाच्या मनावर जो ठसा उमटतो तो पुराव्यासारखाच असतो. रिस्ली यांनी मराठा, कुणबी आणि महाराष्ट्रीय ब्राह्मण यांना 'सिथो-द्राविड' या प्रकारात घातले. तेव्हा हा प्रश्न केवळ अरण्यातील समाजांचा राहिला नाही, मराठी समाजाच्या सर्व स्तरांचा झाला.

गोंडवन या नावाचा प्रवासही येथे लक्षात घ्यावा लागतो. भूवैज्ञानिक एच. बी. मेडलिकॉट यांनी १८७२ साली मध्य भारतातील कोळसाधारक थरांच्या मालिकेसाठी गोंडांच्या देशाचे हे नाव योजले. १८८५ साली ऑस्ट्रियाचे एडवर्ड सुएस यांनी ते दक्षिणेकडील एका विशाल प्राचीन भूखंडाला दिले. गोंडांचे नाव अशा रीतीने जगाच्या नकाशावर चढले, परंतु त्याच सुमारास त्यांच्या देशातून कोळसा निघू लागला होता. १८७० च्या दशकात चांदा जिल्ह्यातील वरोरा येथे कोळशाची खाण सुरू झाली. नाव शास्त्राला मिळाले आणि कोळसा रेल्वेला.

३. टिळकांचे हिमयुग

पुण्यातील घटना वेगळ्या दिशेची आहे. येथे वसाहतीतील एक विद्वान भूगर्भशास्त्राचे साधन स्वतःच्या हाती घेतो. 'ओरायन' या १८९३ सालच्या ग्रंथात टिळकांनी ज्योतिषाच्या आधारे वेदांचा काळ मागे नेला होता. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' या ग्रंथात त्यांनी आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचे प्रतिपादन केले. या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे इतिहासपूर्व काळ आणि हिमयुग यांना वाहिलेली आहेत, ही गोष्ट सूचक आहे. वेदांच्या चर्चेपूर्वी टिळक वाचकाला भूगर्भशास्त्राच्या दालनातून नेतात.

त्यांच्या युक्तिवादाची रचना अशी : देवांचा एक दिवस म्हणजे मनुष्यांचे एक वर्ष, दीर्घकाळ टिकणाऱ्या उषा, लांबच लांब रात्र इत्यादी वर्णने ध्रुवप्रदेशातच यथार्थ ठरतात. परंतु ध्रुवप्रदेश मनुष्यवस्तीस अयोग्य असेल तर या वर्णनांचा अर्थ रूपकात्मक मानावा लागेल. म्हणून हिमयुगापूर्वी ध्रुवप्रदेशाचे हवामान सौम्य होते, हे भूगर्भशास्त्राने सिद्ध करणे आवश्यक ठरते. जेम्स क्रोल यांच्या गणितानुसार हिमयुग संपून सुमारे ऐंशी हजार वर्षे झाली होती. अमेरिकन भूवैज्ञानिकांनी नायगारा धबधब्याच्या झिजेवरून काढलेला अंदाज मात्र आठ ते दहा हजार वर्षांचा होता. टिळकांनी दुसरा अंदाज स्वीकारला, कारण तो त्यांच्या वैदिक कालगणनेशी जुळत होता. इसवी सनापूर्वी १०,००० ते ८,००० या काळात मूलस्थानाचा हिमाने नाश झाला, अशी त्यांची मांडणी आहे आणि अवेस्तातील विनाशकारी हिवाळ्याची कथा ते तिच्या पुष्ट्यर्थ देतात.

टिळकांची विद्वत्ता, त्यांचा व्यासंग आणि प्रतिकूल परिस्थितीत केलेले लेखन यांविषयी आदर बाळगूनही या मांडणीतील तीन दोष दाखविणे भाग आहे.

पहिला दोष कालक्रमाचा आहे. हिमयुग संपण्याचा जो काळ त्यांनी निवडला तो आजच्या मापनाशी बराच जुळतो. सध्याचे उष्ण युग सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी सुरू झाले, हे आता सर्वमान्य आहे. परंतु शेवटचे हिमयुग त्यापूर्वी सुमारे एक लाख वर्षे चालू होते. सौम्य हवामानाचा आधीचा आंतरहिमकाल सुमारे १,१५,००० वर्षांपूर्वीच संपला होता. म्हणजे ज्या काळात टिळक ध्रुवावर सुखी वस्ती कल्पितात त्या काळी तेथे आजच्यापेक्षा अधिक थंडी होती. हिमयुगाच्या अंताची तारीख त्यांनी मूलस्थानाच्या नाशाची तारीख म्हणून वापरली. हे मापन टिळकांना उपलब्ध नव्हते, म्हणून हा दोष क्षम्य ठरतो.

दुसरा दोष तर्काचा असल्याने तो तेव्हाही दिसू शकला असता. एखादा प्रदेश वस्तीयोग्य होता, यावरून तेथे वस्ती होती असे ठरत नाही. वस्ती होती असे मानले तरी ती आर्यभाषा बोलणाऱ्यांची होती हे खडक सांगू शकत नाहीत. भूगर्भशास्त्र हवामान आणि काळ सांगते, भाषा सांगत नाही. टिळकांच्या ग्रंथात या शास्त्राचे कार्य पुराव्याचे नसून परवानगीचे आहे. मात्र ग्रंथ पुढे सरकतो तशी परवानगी पुराव्याच्या आसनावर जाऊन बसते.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. अखेरच्या प्रकरणात टिळक आर्यांनी अन्य वंशांना जिंकले वा सामावून घेतले, हे त्यांच्या श्रेष्ठत्वाचे द्योतक मानतात आणि या श्रेष्ठत्वाचा उलगडा मूलस्थानातील प्रगत संस्कृतीनेच होऊ शकतो असे म्हणतात. येथे श्रेष्ठत्व गृहीत धरून संस्कृती सिद्ध केली जाते आणि संस्कृतीवरून श्रेष्ठत्व. युरोपीय विद्वान कवटीच्या लांबी-रुंदीवरून आर्यत्वासाठी भांडत असताना टिळकांनी त्या भांडणाची मर्यादा अचूक ओळखली होती. पण वंश ही संकल्पनाच त्यांनी नाकारली नाही, तिच्यात मानाचे स्थान मागितले. परक्या सत्तेखाली भरडल्या जाणाऱ्या समाजाला यातून आत्मविश्वास लाभला, हे ऐतिहासिक सत्य आहे. तो कोणाच्या वाट्याला आला आणि कोणाला त्यातून वगळले गेले, हा प्रश्न मात्र उरतोच.

४. मूलस्थानाचा वाद

टिळकांना मिळालेली उत्तरे त्यांच्या निष्कर्षाला विरोध करतात, पद्धतीला नाही. नारायण भवानराव पावगी यांनी १९१२ साली वैदिक ऋषींना भूगर्भशास्त्राचे जनक ठरविणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९१५ साली सप्तसिंधू हेच आर्यांचे आद्यस्थान असल्याचे प्रतिपादन केले. त्यांच्या मते ध्रुवप्रदेश ही आर्यांची जन्मभूमी नसून वसाहत होती. अविनाशचंद्र दास यांनी १९२१ साली 'ऋग्वेदिक इंडिया' या ग्रंथात राजपुतान्यातील प्राचीन समुद्राचा आधार घेऊन ऋग्वेद अतिप्राचीन भूयुगापर्यंत मागे नेला. मा. स. गोळवलकर यांच्या नावे १९३९ साली नागपुरात प्रसिद्ध झालेल्या 'वुई ऑर अवर नेशनहुड डिफाइंड' या पुस्तकात तर उत्तर ध्रुवच स्थिर नसून एके काळी तो आजच्या बिहार-ओरिसाच्या प्रदेशात होता, असे म्हटले आहे. आर्यांना स्थलांतरित करण्यापेक्षा ध्रुवाला स्थलांतरित करणे सोयीचे वाटले.

या क्रमात एक नियम आढळतो. निष्कर्ष आधी ठरलेला असतो आणि त्याला सोयीचे भूयुग नंतर निवडले जाते. कोटी वर्षांचा काळ इतका विस्तीर्ण आहे की त्यात कोणत्याही अभिमानाला जागा सापडते.

५. निराळ्या वाटा

या परंपरेबाहेर उभे राहून विचार करणाऱ्यांची वाटही महाराष्ट्रातच तयार झाली. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' या १८७३ सालच्या ग्रंथात आर्यांच्या आगमनाची कल्पना उलटी केली. जे आगमन इतरांना गौरवाचे वाटले ते त्यांनी आक्रमण म्हणून वाचले. क्षत्रिय शब्दाचा संबंध क्षेत्राशी, म्हणजे जमिनीशी, जोडून त्यांनी जमीन कसणाऱ्याला इतिहासाच्या मध्यभागी आणले. वंशाची भाषा मात्र त्यांच्याही लेखनात टिकून राहिली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्या भाषेलाच हात घातला. १९४६ सालच्या 'हू वेअर द शूद्राज?' या ग्रंथात त्यांनी आर्यवंशाच्या सिद्धांताची तपासणी केली आणि टिळकांच्या उपपत्तीला एक साधा प्रश्न विचारला : वैदिक आर्यांचा अत्यंत प्रिय प्राणी घोडा होय, मग ध्रुवप्रदेशात घोडा होता काय? या प्रश्नाचे सामर्थ्य त्याच्या साधेपणात आहे. हिमयुगाच्या भव्य चित्रासमोर आंबेडकरांनी एक प्राणी उभा केला आणि पुराव्याचे ओझे सिद्धांतकारावर परत ठेवले. १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' मध्ये त्यांनी मानवमितीचीच मापे घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यात वांशिक भेद नसल्याचे दाखविले. अस्पृश्यतेचे मूळ निसर्गात नसून समाजात आहे, हा त्याचा अर्थ होय. थराचा दाखला मान्य केला असता तर अन्याय नैसर्गिक ठरला असता.

इरावती कर्वे यांचे उदाहरण तितकेच उद्बोधक आहे. बर्लिनमधील कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मानवी कवटीच्या असममितीचा अभ्यास केला. फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे पुरस्कर्ते होते. गोऱ्या आणि अन्य वंशांच्या कवट्यांत या बाबतीत भेद दिसावा, अशी तेथील अपेक्षा होती. मोजमापात तसा संबंध आढळला नाही आणि कर्वे यांनी तसे प्रबंधात नोंदविले. पुढे मानवमिती त्यांनी सोडली नाही. परंतु जात व नातेसंबंध यांच्या अभ्यासात वंशापेक्षा सामाजिक रचनेला त्यांनी अधिक महत्त्व दिले.

डेक्कन कॉलेजात ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात प्रवरेकाठच्या नेवासे येथे केलेले उत्खनन थरवाचनाचा वेगळा आदर्श आहे. नदीच्या गोट्यांच्या थरातील अश्मयुगीन हत्यारांपासून मध्ययुगीन वसाहतीपर्यंतचा क्रम तेथे उलगडला. हत्यारे घडविणाऱ्यांना कोणत्याही आधुनिक जातीचे वा वंशाचे नाव देण्याची गरज त्या क्रमाला भासत नाही. थर वाचणे आणि थरांची उतरंड रचणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे येथे स्पष्ट होते.

६. नावाचा परतावा आणि दगडाचे श्रम

गोंड अस्मितेच्या काही लेखनात आज गोंडवन या प्राचीन भूखंडाशी गोंड समाजाचे थेट नाते सांगितले जाते. कालमापनाच्या कसोटीवर हे टिकत नाही, कारण त्या भूखंडाचे विघटन सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाले. परंतु टिळकांच्या व पावगींच्या दाव्यांना लावलेली कसोटी येथे जशीच्या तशी लावणे अपुरे ठरेल. येथे ज्यांचे नाव शास्त्राने घेतले तेच ते नाव परत मागत आहेत. शिवाय भूमीविषयीची त्यांची स्वतःची कल्पना भूखंडाच्या सिद्धांतावर अवलंबून नाही. गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगोने मुक्त केले, ही कथा हिस्लॉप यांच्या टिपणांत आहेच. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या गुहेशी ती जोडली जाते आणि तेथे माघ पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. या कथेत दगड प्राचीनत्वाचा दाखला देत नाही. तो बंदिवासाचे आणि सुटकेचे ठिकाण आहे.

नवी मुंबईच्या परिसरातही या विषयाचे एक अंग प्रत्यक्ष दिसते. पारसिकच्या डोंगररांगेतील काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. या डोंगरातील दगडखाणींनी शहराच्या बांधकामाला खडी पुरविली आणि विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट करण्यात आली. मराठी साहित्याने सह्याद्रीच्या कातळाला कणखरपणाचे प्रतीक केले. गोविंदाग्रजांच्या महाराष्ट्रस्तवनापासून ही परंपरा सुपरिचित आहे. मात्र तो कातळ पिढ्यान्पिढ्या फोडणाऱ्या वडार समाजाला हे प्रतीक फारसे लाभले नाही. मातीवडार, गाडीवडार, पाथरवट ही पोटभेदांची नावेच सांगतात की येथे माणसाची ओळख तो कोणता पदार्थ हाताळतो यावरून ठरली. दगडाचा गुण प्रदेशाच्या स्वभावात गेला आणि दगडाची धूळ विशिष्ट जातीच्या वाट्याला आली. भूगर्भ आणि सामाजिक दर्जा यांचा संबंध ग्रंथांपुरता नाही, याची ही साक्ष आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, भूगर्भशास्त्राने वंशकल्पना निर्माण केली नाही, परंतु तिला काळाची खोली आणि निसर्गाची मान्यता दिली. दोन, हे शास्त्र वसाहतकारांप्रमाणेच वसाहतीतील विद्वानांनीही वापरले. नागपुरात त्याने गोंडांना तळाच्या थरात बसविले आणि पुण्यात आर्यांना हिमाच्या शिखरावर. दोन्ही स्थाने एकाच उतरंडीतील आहेत. तीन, या उतरंडीला खरे आव्हान अधिक प्राचीन मूलस्थान शोधणाऱ्यांनी दिले नाही. ते पुराव्याचे स्वरूप विचारणाऱ्यांनी दिले.

हा प्रश्न आज संपलेला नाही, त्याचे साधन बदलले आहे. २०१९ साली राखीगढी येथील सांगाड्याच्या जनुकांचा अभ्यास डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केला. त्याच सुमारास दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा जनुकीय अंश इसवी सनापूर्वी २००० ते १५०० या काळात भारतीय उपखंडात आल्याचे दाखविले. या निष्कर्षांवरून परस्परविरोधी घोषणा लगेच झाल्या. जनुकेही लोकसंख्येची सरमिसळ सांगतात, कोणाचे श्रेष्ठत्व अथवा भूमीवरील हक्क सांगत नाहीत. १९०३ साली हिमयुगाला जे विचारले गेले तेच आज जनुकांना विचारले जात आहे. 'द आर्क्टिक होम' आणि 'हू वेअर द शूद्राज?' हे ग्रंथ अभ्यासक्रमात शेजारी ठेवून शिकविले गेले तर विज्ञानाचा दाखला कोठे पुराव्याचे काम करतो आणि कोठे केवळ अधिकाराचे, हे विद्यार्थ्याला स्वतः पारखता येईल. मराठी विभाग, इतिहास विभाग आणि भूगोल विभाग यांनी हे काम एकत्र हाती घेण्यासारखे आहे.